दातांचा मोठा फोटो

भुईमुगाचे शेत बांधावरून पाहिले तर काय दिसते? हिरवा पाला दिसतो. शेंगा भरल्या की पोचट राहिल्या, हे कळत नाही. त्यासाठी एखादा वेल उपटून पाहावा लागतो.

दातांचेही असेच आहे. आरशात दिसतो तो दाताचा वरचा थोडा भाग. त्याचे मूळ हिरडीखाली, जबड्याच्या हाडात असते. पुष्कळ दुखणी तिथेच सुरू होतात. वेल उपटून पाहता येतो, पण दात उपटून कसा पाहणार? मोठ्या माणसाचा दात एकदा गेला की पुन्हा येत नाही. म्हणून डॉक्टर आधी फोटो काढतात. त्याला आपण एक्स-रे म्हणतो.

१८९५ साली जर्मनीत राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञाने हे किरण शोधून काढले. ते मांसातून सहज पार जातात. हाड आणि दात मात्र त्यांना अडवतात. म्हणून फोटोत दात पांढरे दिसतात. कीड लागून दात पोखरला असेल, किंवा मुळाशी पू होऊन हाड झिजले असेल, तर तिथे काळा डाग दिसतो.

दातांचा फोटो दोन तऱ्हांचा असतो. एक लहान. त्यासाठी बोटाएवढी पट्टी तोंडात धरतात. त्यात तीन-चार दात येतात. दुसरा मोठा. त्यात वरचा जबडा, खालचा जबडा, सगळे बत्तीस दात आणि कानाजवळचे जबड्याचे सांधे एकाच चित्रात दिसतात. या मोठ्या फोटोला दवाखान्यात ‘ओपीजी’ म्हणतात. फिनलंड देशातले दातांचे डॉक्टर पातेरो यांनी १९५० च्या सुमारास ही रीत बसवली. जबडा वाकडा, गोल. त्याचा सपाट फोटो कसा घ्यावा? त्यांनी युक्ती काढली. माणूस आणि यंत्र यांना एकमेकांभोवती फिरते ठेवायचे, म्हणजे गोल जबडा कागदावर उलगडून येतो.

‘‘गुरुजी, दुखते एक दाढ. मग सगळ्या तोंडाचा फोटो कशाला? पैसे काढायचा धंदा!’’ असे लोक आम्हाला म्हणतात. ही शंका अगदीच खोटी नाही. एका दाढेला कीड लागली असेल तर बहुधा लहान फोटो पुरतो. दोन दातांच्या फटीतली बारीक कीड तर लहान फोटोतच जास्त चांगली दिसते. तेव्हा ‘‘डॉक्टरसाहेब, मोठा फोटो कशासाठी हवा?’’ असे खुशाल विचारावे. विचारण्यात अपमान नाही. पण काही दुखण्यांत मोठ्या फोटोवाचून चालत नाही. ती कोणती ते पाहू.

पहिली अक्कलदाढ. ती साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते. जबड्यात जागा नसेल तर ती हाडातच आडवी पडून राहते आणि शेजारच्या दाढेला रेटा देते. वरून पाहावे तर दाढ दिसत नाही, पण ठणका लागतो, हिरडी सुजते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक शीर जाते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देते ती हीच. अक्कलदाढेची मुळे कधी कधी या शिरेला अगदी खेटून असतात. न पाहता दाढ ओढली आणि शीर दुखावली, तर ओठ बधिर होतो. चहा ओघळला तरी कळत नाही. बाजारात चादर पसरून, चिमटा घेऊन बसलेल्या माणसाला ही शीर कशी दिसणार? दाढ दोन मिनिटांत निघते खरी, पण बधिर ओठ काहींना महिनोन्‌महिने सोसावा लागतो, काहींना कायमचा.

दुसरे, जबड्यावरची सूज. कधी हाडाच्या आत पाण्याची गाठ वाढत असते. ती दुखत नाही, म्हणून माणूस वर्षभर काढतो. तोवर हाड आतून पोखरते. अशी गाठ केवढी, ती किती दातांखाली पसरली, हे मोठ्या फोटोत एका नजरेत कळते.

तिसरे, अपघात. मोटारसायकलवरून पडून किंवा बैलाची धडक बसून हनुवटीला मार लागतो. बांगडी दाबली तर ती पुष्कळदा दोन जागी तुटते. खालच्या जबड्याचेही तसेच होते. मार हनुवटीला, आणि दुसरी मोड कानाजवळ! मार लागल्यावर दात एकमेकांवर नीट बसत नसतील, तर फोटो काढायला उशीर करू नये.

लहान मुलांचे दुधाचे दात वीस. ते पडून वर्ष गेले तरी नवा दात येत नसेल, तर तो हाडात अडकला आहे की मुळातच नाही, हे मोठा फोटो सांगतो. वेडेवाकडे दात तारेने सरळ करायचे असतील, किंवा हाडात खिळा बसवून त्यावर दात लावायचा असेल, तरीही तो लागतो.

आता तंबाखूची गोष्ट. इथे थोडे थांबावे लागेल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. बंदी कागदावर आणि पुडी खिशात, हे आपण सारे पाहतो! सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे गाल आतून ताठ होतात. पुढे तोंडात दोन बोटेही जात नाहीत. अशा माणसाच्या तोंडात लहान फोटोची पट्टी ठेवणार कशी? मोठा फोटो बाहेरूनच निघतो, म्हणून तो उपयोगी पडतो. तोंडाच्या कर्करोगावर किरणांचा उपचार करायचा असेल, तर त्याच्या आधीही हा फोटो काढतात. कारण किरणे दिल्यावर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही. मग दात काढला तर जखम चिघळते, हाड सडूही शकते. म्हणून खराब दात आधीच शोधून काढून टाकतात.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ओपीजी हाड दाखवते, गालाचे आणि जिभेचे मांस दाखवत नाही. कर्करोग बहुतेक वेळा गालाच्या आत, जिभेवर, हिरडीवर सुरू होतो. तेव्हा फोटोत काहीच दिसत नाही. ‘‘फोटो चांगला आलाय, मला काही नाही,’’ असे समजून मिश्री-तंबाखू चालू ठेवणे फार घातक. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, आणि दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम डॉक्टरांना डोळ्यांनीच दाखवायची असते. गरज पडली तर ते मांसाचा कण काढून तपासायला पाठवतात.

किरणांची भीती पुष्कळांना वाटते. जमिनीतून आणि आकाशातून थोडे किरण रोजच आपल्या अंगावर येतात. असे काही दिवसांत येतात, साधारण तेवढेच या एका फोटोला लागतात. तरी विनाकारण फोटो काढू नये. बाई गरोदर असेल तर तिने आधी सांगावे. घाई नसेल तर डॉक्टर फोटो पुढे ढकलतात.

फोटो काढताना दुखत नाही, सुईही टोचत नाही. कानातले, नथ, मंगळसूत्र, केसांच्या पिना, चष्मा, कवळी आधी काढून ठेवावी. डाव्या कानातली कुडी राहिली तर तिची सावली उजव्या जबड्यावर पडते, आणि डॉक्टरांचा घोटाळा होतो. मान ताठ ठेवून उभे राहायचे. पुढच्या दातांत एक छोटी कांडी धरायची. ओठ मिटून जीभ टाळूला लावायची. यंत्र डोक्याभोवती फिरते. पंधरा-वीस सेकंद हलायचे नाही. हललात तर फोटो बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे खाजगीपेक्षा कमी पैशांत काम होते. तालुक्याच्या गावी खाजगी केंद्र असेल तर दर आधी विचारून घ्यावा. फोटो आता बहुधा मोबाइलवरही पाठवतात. तो घरातल्या मुलाकडून जपून ठेवून घ्यावा. छापील मिळाला तर त्याची घडी घालू नये. नाव आणि तारीख आहे ना, ते तिथेच पाहावे. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तो बरोबर न्यावा, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागत नाही.