जेफरसनच्या आधी अमेरिकेचं परराष्ट्र खातं कोण चालवत होतं?

थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे पहिले परराष्ट्रमंत्री आणि त्यांना नेमलं राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी, असं सर्रास सांगितलं जातं. नव्या राज्यघटनेपुरतं ते खरं आहे. पण ती अमलात आली 1789 मध्ये. त्याआधी आजच्या अर्थाचा राष्ट्राध्यक्षच नव्हता. परदेशी कोणाला धाडायचं आणि त्यानं तिथे काय बोलायचं, हे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँटिनेंटल काँग्रेस, स्वतःच ठरवत होती.

आधी स्वातंत्र्य जाहीर झालं आणि मग परदेशांशी बोलणी सुरू झाली, हाही गैरसमजच. जाहीरनामा जुलै 1776चा. गुप्त पत्रव्यवहार समिती मात्र 29 नोव्हेंबर 1775 रोजीच नेमली गेली होती. बेंजामिन फ्रँकलिन तिचे सदस्य होते. त्याच डिसेंबरात फिलाडेल्फियात ही मंडळी बाँव्हूलोआर या फ्रेंच हेराला गुपचूप भेटली. मार्च 1776 मध्ये समितीनं सायलस डीन यांना व्यापाऱ्याच्या वेषात फ्रान्सला रवाना केलं.

मग समितीच सगळा कारभार पाहत होती का? तसंही नाही. 1777 मध्ये तिला परराष्ट्र व्यवहार समिती हे नाव मिळालं, पण धोरण सभागृहातच ठरे. सदस्य येत आणि जात. समितीचे सचिव थॉमस पेन यांनी फ्रान्सच्या छुप्या मदतीची माहिती छापून टाकली आणि जानेवारी 1779 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. पुढे मॅसॅच्युसेट्सचे जेम्स लव्हेल बराच काळ जवळजवळ एकट्यानं पत्रं लिहीत, सांकेतिक लिपी सांभाळत राहिले. इतिहासात त्यांचं नाव क्वचितच निघतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

10 जानेवारी 1781 रोजी स्वतंत्र खातं स्थापन झालं, पण प्रमुख निवडायला सभेला सात महिने लागले. ऑगस्टमध्ये रॉबर्ट लिव्हिंग्स्टन निवडून आले. त्यांना मंत्री समजणं मात्र चूक ठरेल. तह-करारांबाबत आपल्याच वकिलांना लिहायची पत्रंसुद्धा त्यांना आधी सभेपुढे ठेवावी लागत. ब्रिटनशी तह करणारे प्रतिनिधी तर सभेनं त्यांच्या आधीच निवडले होते. या प्रतिनिधींनी फ्रान्सला न विचारता प्राथमिक तह केला, तेव्हा लिव्हिंग्स्टन यांनी पत्रातून कानउघाडणी केली. तह मात्र टिकला. जून 1783 मध्ये ते पायउतार झाले. सप्टेंबरात पॅरिसच्या अंतिम तहावर सह्या झाल्या, तेव्हा ही खुर्ची चक्क रिकामी होती!

मे 1784 मध्ये सभेनं जॉन जे यांना निवडलं, तेव्हा ते अजून युरोपातच होते. डिसेंबरात त्यांनी सूत्रं हाती घेतली. नवी राज्यघटना आल्यावरही, मार्च 1790 मध्ये जेफरसन रुजू होईपर्यंत खात्याचं काम तेच पाहत होते.