रोग्याचा नकार व वैद्याचें कर्तव्य

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं इस्पितळांत खाटेपाशीं एक छापील कागद येतो. तो कोणाच्या हातीं दिला जातो, याकडे आमच्या वाचकांनीं कधीं लक्ष दिलें आहे काय? खाटेवरील मनुष्य शुद्धीवर असतो, त्यास वाचतां येतें, कित्येकदां घरांतील सर्वांत अधिक शिकलेला तोच असतो. तरीहि कागद जातो तो थोरल्या मुलाकडे, जांवयाकडे किंवा यजमानांकडे. रोगी विचारतोच, "काय आहे रे तें?" त्यावर उत्तर ठरलेलें: "कांहीं नाहीं, साधी सही आहे, तुम्ही पडून राहा." एकत्र कुटुंबांतील ही माया आम्हांस परकी नाहीं, तींतच आमचें आयुष्य गेलें. परंतु ज्याच्या देहावर शस्त्र चालावयाचें त्याला तेवढें वगळून बाकी सर्वांचें मत घ्यावयाचें, ही रीत मायेची असली तरी न्यायाची नव्हे. आणि आतां ती कायद्याचीहि राहिलेली नाहीं.

आपल्या जुन्या वैद्यकास ह्या प्रश्नाची जाणीव नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, सातव्या अध्यायांत, मूतखड्यावरील शस्त्रकर्माचा विचार आला आहे. तेथें ग्रंथकाराचा आशय असा कीं, शस्त्र न चालविल्यास मृत्यु ठरलेला, चालविल्यास गुण येण्याचा संशय. म्हणून वैद्यानें 'ईश्वरा'ची अनुज्ञा घेऊनच कामास हात घालावा. येथें ईश्वर म्हणजे परमेश्वर नव्हे. ईश्वर म्हणजे धनी, सत्ताधारी, राजा. ज्यानें जन्मभर संस्कृत शिकविलें त्यास ह्या शब्दापाशीं थोडें थांबल्यावांचून राहवत नाहीं. धोका जाणून परवानगी घ्यावी हें तत्त्व इतक्या प्राचीन काळीं स्पष्ट झालेलें आहे. परंतु परवानगी देणारा धनी रोगी नसून त्याच्या वरचा कोणी तरी आहे. आमच्या घरांतून राजा गेला, त्याच्या जागीं कुटुंबाचा कर्ता बसला, इतकाच काय तो फरक! चरकानें रोग्याचे चार गुण मोजले आहेत: स्मरण असणें, सांगितल्याप्रमाणें वागणें, भित्रेपणा नसणें आणि आपलें दुखणें वैद्यास सांगतां येणें. यांपैकीं दुसरा गुण सर्वांनीं पक्का ध्यानांत ठेवला, चौथ्याचा विसर पडला. रोग्यानें सांगावें अशी अपेक्षा असेल, तर तें ऐकावयास कोणी तरी बसलें पाहिजे.

रोगी स्वतःच आपल्या देहाचा धनी, हा विचार न्यायालयांत स्पष्ट शब्दांनीं मांडला गेला तो १९१४ सालीं, न्यूयॉर्क येथें. तेथील एका इस्पितळांत १९०८ सालीं एका स्त्रीनें गुंगी देऊन तपासणी करूं देण्यास संमति दिली होती; शस्त्रक्रिया नको, असें आपण बजावलें होतें, हें तिचें म्हणणें. ती गुंगींत असतां गांठ काढण्यांत आली. न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं निर्णय दिला कीं, प्रौढ व शाबूत मनाच्या मनुष्याच्या शरीराचें काय करावें हें ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे, आणि त्याच्या संमतीवांचून शस्त्र चालविणारा वैद्य त्याच्या अंगावर हात टाकल्याचा दोषी होतो. दैवगति अशी कीं, इस्पितळ धर्मादाय असल्यामुळें त्यास जबाबदार धरतां येत नाहीं, असेंहि त्याच निर्णयांत ठरलें. तत्त्व जगास मिळालें. बाई रिकाम्या हातीं परतली.

आपल्या देशांत हाच प्रश्न दिल्लींतील एका प्रकरणांत उभा राहिला. १९९५ सालच्या मे महिन्यांत चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीनें पोटाची तपासणी करून घेण्यासाठीं दवाखान्यांत गेली. ती गुंगींत असतां बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेण्यांत आली व गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढून टाकण्यांत आले. ती शुद्धीवर आली तेव्हां आयुष्यांतील एक मोठा निर्णय दुसऱ्यांनीं उरकून टाकलेला होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १६ जानेवारी २००८ रोजीं लागला. डॉक्टरांचा हेतु वाईट होता असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. परंतु त्या घटकेस जिवावरचें संकट नव्हतें, रोगी घटकाभरानें शुद्धीवर येऊन स्वतः उत्तर देणार होता, म्हणून आईच्या सहीस किंमत नाहीं, असें ठरलें. तपासणीची संमति म्हणजे उपचाराची संमति नव्हे, हेंहि ठरलें. शस्त्रक्रियेची फी गेली व पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे. आमच्या मतें फारच लहान आहे. पण त्या निकालानें डॉक्टरांनीं काय काय सांगितलें पाहिजे तें निश्चित केलें: उपचार कोणता व कशासाठीं, दुसरा मार्ग आहे कीं नाहीं, धोके कोणते, आणि उपचार नाकारल्यास काय होईल. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. नाकारल्यास काय होईल हें सांगणें हें कर्तव्य असेल, तर नाकारण्याचा अधिकार त्यांत गृहीतच धरलेला आहे.

कायदा असा पुढें गेला असला तरी व्यवसायाचे नियम थोडे मागेंच रेंगाळलेले दिसतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत शस्त्रक्रियेपूर्वीं लेखी संमति कोणाची घ्यावी हें सांगतांना आधीं पति किंवा पत्नी, मग अज्ञान मुलाचे आईबाप किंवा पालक, आणि सर्वांच्या शेवटीं स्वतः रोगी, असा क्रम लागला आहे. शब्दांच्या क्रमावरूनहि मनाचा क्रम कळतो. याउलट गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यांत प्रौढ स्त्रीची एकटीची संमति पुरेशी मानली आहे. नवऱ्याची सही लागत नाहीं. तरीहि ती मागितली जाते, आणि घरचीं माणसें ती देण्यांत कांहीं विशेष मानीत नाहींत!

आतां कोणी म्हणेल, सामान्य माणसास वैद्यकांतलें काय कळतें? त्याच्या हिताची गोष्ट त्याच्यावर लादली तर बिघडलें कोठें? ह्याचें उत्तर पुण्यास निराळें शोधावयास नको. १८९७ सालीं प्लेगच्या वेळीं घरांत शिरून झडत्या, बायकामाणसांची तपासणी, संशयावरून माणसें छावणींत नेणें, हें सारें लोकांच्या हितासाठींच चाललें होतें. रोग खराच होता, आणि रोग्यांस वेगळें ठेवण्याची गरजहि खरीच होती. परंतु न विचारतां, न समजावतां केलेल्या जुलमामुळें लोक रोगी लपवूं लागले, आणि त्या वर्षाच्या २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईस डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची नवी लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली होती. विश्वास कमावण्याची ती रीत निराळी. पुढें सव्वाशें वर्षांनीं, कोरोनाच्या सांथींत, २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, कोणासहि बळजबरीनें लस टोंचतां येणार नाहीं. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठीं सरकारास वाजवी निर्बंध घालतां येतील.

आमच्या नात्यांतील एका काकूंची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. वय एकोणऐंशी, दोन्ही मूत्रपिंडें निकामी होत आलीं होतीं. डॉक्टरांनीं आठवड्यांतून तीनदां डायालिसिस सुचविलें. मुलांनीं सर्व तयारी केली. काकू म्हणाल्या, "मला नको." घरांत एकच गहजब झाला. मुलगे वाईट नव्हते; उलट फार चांगले होते, आणि म्हणूनच त्यांस भीति होती ती ही कीं, पैसा वांचविण्यासाठीं आईला मरूं दिलें, असें लोक म्हणतील. त्या डॉक्टरांनीं सर्वांस बाहेर जावयास सांगितलें व काकूंपाशीं खुर्ची घेऊन बसले. काकूंनीं विचारलें, "अहो डॉक्टर, ह्यानें मी बरी होणार का?" ते म्हणाले, "नाहीं आजी, बऱ्या होणार नाहीं, दिवस वाढतील." "आणि नाहीं केलें तर?" त्यांनीं तेंहि सांगितलें: सूज येईल, धाप लागेल, अंगास खाज सुटेल, मग ग्लानि येईल, आणि प्रत्येकावर काय औषध देतां येईल तेंहि सांगितलें. मग त्यांनीं विचारलें, "आतां मीं काय सांगितलें तें तुमच्या शब्दांत सांगा पाहूं." काकूंनीं तें इतकें नीट सांगितलें कीं शाळेंत पैकीच्या पैकी गुण मिळते! डॉक्टरांनीं तें लिहून घेतलें, काकूंची सही घेतली, आणि म्हणाले, "मत बदललें तर रात्रीं-अपरात्रीं केव्हांहि कळवा." पुढचे चार महिने ते दर आठवड्यास घरीं येत होते.

ह्या गोष्टींत आमच्या मतें वैद्याचें सर्व कर्तव्य आलें. ती नकाराची गोष्ट खरी. पण नकारानंतर डॉक्टरांचें काम संपलें नाहीं, वाढलें. पुष्कळ ठिकाणीं असें घडत नाहीं. रोग्यानें एक उपचार नाकारला कीं 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरीं जात आहे' अशा कागदावर सही घेऊन त्याची रवानगी होते, जणूं काय त्या सहीनें दोघेहि एकमेकांतून मोकळे झाले. वास्तविक उपरिनिर्दिष्ट २००२ च्या नियमांतच असें आहे कीं, एकदां हातीं घेतलेल्या रोग्याची हेळसांड करूं नये व पुरेशी पूर्वसूचना दिल्यावांचून त्यास सोडूं नये. रोग्यानें अमुक औषध नाकारलें म्हणजे वेदनाशमन नाकारलें असें होत नाहीं. मुंबईस १९८६ पासून शांति अवेदना सदन आहे, पुण्यास वारज्याला सिप्ला संस्थेचें केंद्र १९९७ पासून आहे; बरें करतां न येणाऱ्या कर्करोग्याचीहि शुश्रूषा करतां येते हें ह्या संस्थांनीं दाखवून दिलें आहे.

तथापि प्रत्येक नकार काकूंसारखा नसतो, आणि येथें डॉक्टरांनीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे. "तिलाच नको आहे हो," असें सुनेच्या वतीनें दुसरेच सांगतात तेव्हां तो नकार तिचा कीं घराचा? पैशांच्या विवंचनेनें म्हातारा "आतां पुरे" म्हणतो तेव्हां तो खरोखर पुरे म्हणतो काय? अशा वेळीं नकार टिपून घेण्यापूर्वीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती देणें, धर्मादाय इस्पितळांत निर्धन रोग्यांसाठीं शेंकडा दहा व दुर्बलांसाठीं सवलतीच्या आणखी दहा खाटा राखून ठेवण्याचें बंधन आहे हें सांगणें, हा उपचाराचाच भाग होय. शिवाय रोग्याशीं एकांतांत बोलावें. घरच्यांनीं त्याचा राग मानूं नये.

अपवाद आहेत, ते थोडक्यांत सांगतों. बेशुद्ध व अत्यवस्थ मनुष्याच्या संमतीची वाट पाहात बसावयाचें नसतें; अपघातांत सांपडलेल्यास प्रथम वांचवावें, कागदपत्रें मागून, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांस बजावलें आहे. लहान मुलांसाठीं आईबाप ठरवितात. मानसिक आजाराच्या रोग्यांसाठीं २०१७ चा निराळा कायदा आहे. आणि त्यांतहि, आपणांस कोणते उपचार हवे व कोणते नकोत हें आधीं लिहून ठेवण्याची सोय आहे.

मग जो बोलूंच शकत नाहीं त्याचें काय? मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळांतील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजीं देह ठेवीपर्यंत त्या त्याच इस्पितळांत पडून होत्या, आणि तेथील परिचारिकांनीं पोटच्या मुलीप्रमाणें त्यांचें केलें. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार ह्या शुश्रूषा करणाऱ्यांचा, बाहेरच्या अर्जदाराचा नव्हे. त्या प्रकरणानें देशास विचार करावयास लावलें. ९ मार्च २०१८ च्या निकालानें, पुढें आपण शुद्धींत नसूं व बरें होण्याची आशा नसेल तर यंत्रांवर आपला श्वास लांबवूं नये, असें आधीं लिहून ठेवण्याची मुभा मिळाली. विष देऊन मारण्याशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं. पहिल्या नियमांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढें सही करावी लागे, त्यामुळें कोणी फारसें त्या वाटेस गेलें नाहीं. २४ जानेवारी २०२३ रोजीं ती अट सैल झाली. आतां दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्या वतीनें निर्णय घेणाऱ्यांचीं नांवें त्यांत घालावीं लागतात. वेळ आलीच तर इस्पितळांतील डॉक्टरांचें एक मंडळ व त्यावर दुसरें मंडळ विचार करतें, आणि प्रत्येकानें शक्य तों अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावयाचें असतें.

असा कागद करावयाचा असेल त्यानें तो घरांतील सर्वांस बसवून वाचून दाखवावा, एक प्रत आपल्या नेहमींच्या डॉक्टरांकडे द्यावी, आणि मूळ कागद मात्र दागिन्यांच्या कपाटांत कुलुपाआड ठेवूं नये; रात्रीं दोन वाजतां त्या कपाटाची किल्ली कोणासहि सांपडत नाहीं.