वेगवान गोलंदाजाची पारख

क्रिकेटच्या खेळात वेगाने चेंडू टाकू शकणारा तरुण खेळाडू त्याच्या घडणीच्या काळातच हेरणे आणि तो वरच्या दर्जाच्या सामन्यांत टिकेल किंवा नाही, याचा अंदाज बांधणे. बेसबॉलमधील पिचरच्या म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या निवडीशी या कार्याचे निकटचे साम्य आहे. पिचर सु. १८·४४ मी. अंतरावरून कोपर वाकवून चेंडू फेकतो. गोलंदाज २०·१२ मी. लांबीच्या खेळपट्टीवर धावत येऊन चेंडू टाकतो आणि त्याचा हात कोपरात १५ अंशांहून अधिक सरळ होता कामा नये. दोन्ही खेळांत पारख करणाऱ्याला वाढत्या वयाच्या शरीराविषयीच भाकीत करावयाचे असते.

वेग हा गुण एका षटकातही लक्षात येतो. डॉप्लर परिणामावर चालणारे वेगमापक यंत्र १९७० नंतरच्या दशकात बेसबॉलमध्ये आले व पुढे क्रिकेटमध्येही रूढ झाले. त्यामुळे वेगासंबंधीचे वाद मिटले. तथापि यंत्राचा आकडा त्या दिवसापुरताच खरा असतो. लवकर वयात आलेला, भरल्या अंगाचा सोळा वर्षांचा मुलगा सोबत्यांपेक्षा वेगवान वाटतो. परंतु त्याची वाढ पूर्ण होत आलेली असते. उलट लांब हातापायांचा, खांद्याने रुंद पण अंगाने सडपातळ मुलगा दोन-तीन वर्षांत त्याला मागे टाकण्याचा संभव असतो. म्हणून जाणकार निरीक्षक आकड्याआधी शरीराची ठेवण पाहतो. बाजूने पाहिल्यास धाव, उडी व पुढच्या पायाचे टेकणे दिसते. यष्टिरक्षकाच्या मागून पाहिल्यास मनगटाची स्थिती आणि चेंडूच्या शिवणीची दिशा कळते. टप्पा व दिशा शिकवता येतात. हाताची उपजत चपळाई बहुधा शिकवता येत नाही. शक्य तर त्याच मुलाला दिवसाच्या अखेरच्या षटकांतही पाहावे, कारण थकल्यावर शैलीतील दोष उघडे पडतात.

यांपैकी सर्वांत गंभीर दोष म्हणजे मिश्र शैली. चेंडू टाकताना कंबर फलंदाजाकडे तोंड करून आणि खांदे आडवे, अशी स्थिती झाल्यास पाठीचा कणा पिळवटला जातो. पुढचा पाय टेकताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट आघात जमिनीकडून वर येतो व तो कमरेच्या खालच्या मणक्यांना सोसावा लागतो. हाडे पक्की होण्यापूर्वी असे वारंवार घडल्यास त्यांत ताणजन्य अस्थिभंग होतो. पिचरच्या बाबतीत असे मर्मस्थान म्हणजे कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध. अमेरिकेत २०१४ मध्ये तरुण पिचरांसाठी फेकींच्या मर्यादा सुचविण्यात आल्या. त्यांनुसार १७–१८ वयोगटातील मुलाने एका दिवसात १०५ पेक्षा अधिक चेंडू फेकू नयेत.

अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९६५ पासून ‘ड्राफ्ट’ नावाची वार्षिक निवड होते. तीत संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात आणि शालेय शिक्षण संपवलेली मुलेही तीस पात्र असतात. अगदी पहिल्या क्रमांकावर शाळेतील पिचर आजवर तीनदाच निवडला गेला. डेव्हिड क्लाइड (१९७३) याला टेक्सस रेंजर्सने शाळा सुटल्यावर तीन आठवड्यांच्या आत प्रमुख सामन्यात उतरविले. त्याची कारकीर्द १८ विजय व ३३ पराभवांवर संपली. ब्रायन टेलर (१९९१) याचा खांदा मैदानाबाहेरील मारामारीत निखळला व तो प्रमुख स्पर्धेपर्यंत पोहोचलाच नाही. ब्रेडी एकन (२०१४) याच्या कोपराविषयी वैद्यकीय तपासणीत शंका निघून करार फिसकटला. याउलट २००६ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेला क्लेटन कर्शॉ हा त्याच्या पिढीतील श्रेष्ठ पिचरांत गणला गेला. निरीक्षकांची मोठी फौज असतानाही पारख चुकते, हे यावरून दिसते.

भारतात शालेय खेळाडूंसाठी अशी व्यवस्था नाही. मुलाने क्लबातून जिल्ह्याकडे व तेथून राज्याच्या वयोगट-संघाकडे जावे, अशी अपेक्षा असते. जो क्लबात नाही, तो निवड समितीच्या दृष्टीस पडत नाही. नागपूरच्या उत्तरेस सावनेर व पारशिवनी या शेजारच्या तालुक्यांत कोळशाच्या खाणी आहेत. तेथील वसाहतींत क्रिकेट प्रामुख्याने टेनिस चेंडूने खेळले जाते. सावनेर तालुक्यातील खापरखेड्याजवळच्या वलनी येथे खाणकामगाराच्या घरात वाढलेला उमेश यादव (जन्म १९८७) विशीच्या उंबरठ्यापर्यंत असाच खेळत होता. क्लबाचा अनुभव नाही म्हणून महाविद्यालयाच्या संघातही त्याला प्रवेश मिळाला नाही. पोलीस भरतीचा त्याचा प्रयत्नही फसला. पुढे विदर्भ जिमखान्याकडून तो चामडी चेंडूने खेळू लागला. त्याच्या चेंडूला दिशा नव्हती. वेग मात्र होता. विदर्भाचे तत्कालीन कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्या वेगाला महत्त्व दिले. नोव्हेंबर २००८ मध्ये तो रणजी करंडक स्पर्धेत उतरला व पहिल्या हंगामातील ४ सामन्यांत त्याने २० बळी घेतले. २०११ मध्ये दिल्ली येथे वेस्ट इंडीजविरुद्ध खेळून तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू ठरला. २०२३ पर्यंत ५७ कसोटींत त्याने १७० बळी मिळविले. उशिरा सापडल्यामुळे कोवळ्या वयातील अतिश्रमातून तो वाचला, असेही म्हणता येईल. परंतु तो सापडला हा बराचसा योगायोगच होता.

श्रीरामपूरचा झहीर खान (जन्म १९७८) याला वडिलांनी मुंबईस आणले, म्हणून तो नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईक यांच्या हाताखाली आला व तेथून चेन्नईच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये (स्थापना १९८७) गेला. या संस्थेत डेनिस लिली यांनी सु. पंचवीस वर्षे वेगवान गोलंदाज घडविले.

प्रामुख्याने वेगमापकावर भिस्त ठेवणारा एक प्रयोग २००८ मध्ये भारतात झाला. अमेरिकी आयोजकांच्या दूरदर्शन-स्पर्धेतून रिंकू सिंग व दिनेश पटेल हे भालाफेकीचा सराव असलेले दोन तरुण निवडले गेले. त्या दोघांनीही पूर्वी बेसबॉल खेळला नव्हता. पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. मात्र दोघेही दुय्यम स्पर्धांच्या पुढे गेले नाहीत.

वयाच्या खोट्या नोंदी ही भारतीय पारखीतील स्वतंत्र अडचण होय. एकोणीस वर्षांचा मुलगा सोळा वर्षांखालील संघात खेळल्यास त्याचा वेग असामान्य भासतो आणि खऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची जागा जाते. यावर उपाय म्हणून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१० नंतरच्या दशकात मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरविण्याची टॅनर–व्हाइटहाउस पद्धती १६ वर्षांखालील मुलांसाठी अवलंबिली. हाडांचे वय व जन्माचे वय यांत निरोगी मुलांतही फरक आढळतो. त्यामुळे या चाचणीत कधीकधी खऱ्या वयाचा, पण लवकर वाढलेला मुलगाही बाद ठरतो.