आजोबांचा वर्ग पुन्हा भरला!

दोस्तांनो, पासष्टी ओलांडलेले आजोबा एकमेकांना ‘ए टकल्या!’ म्हणून हाक मारताना पाहिलेत कधी? मी पाहिले. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यावरच्या एका हॉटेलात. १९७५ सालचा दहावीचा वर्ग पन्नास वर्षांनी जेवायला जमला होता.

हे साल मोठं गमतीचं, बरं का! तोवर महाराष्ट्रात एस.एस.सी. अकरावीला असायची. १९७५ला नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि त्याच वर्षी जुनी अकरावीही बोर्डाला बसली. म्हणजे वर्षाने मोठा दादा आणि धाकटा भाऊ, दोघंही एकदमच!

तर जेवण रंगात आलं होतं. इतक्यात एका आजींनी विचारलं, “अरे, आपला घंटा वाजवणारा कुठाय?” सगळे गप्प. नापास होऊन त्याने शाळा सोडली होती आणि यादी करताना तो कुणाला आठवलाच नव्हता. मग काय, फोनाफोनी! गडी राहत होता शेजारच्या धानोरीतच. तासाभराने आला, पण दारातच थबकला.

“मी कुठं पास झालो होतो रे?”

“बस गुमान. श्रीखंड ठेवलंय तुझं.”

तुमच्या आजी-आजोबांच्या वर्गाचा फोटो घरात असेल, तर काढा बाहेर. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा.