स्तनाच्या कर्करोगाच्या निदानानंतर स्त्रियांचे भावनिक स्वास्थ्य : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. २०२२ मध्ये देशात त्याचे सुमारे १.९२ लाख नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. निदानानंतर येणारी भीती, अपराधभाव, स्तन गमावल्याने शरीराविषयी वाटणारी लाज यांचा अभ्यास करणारी मनो-कर्करोगशास्त्र ही ज्ञानशाखा १९७० च्या दशकात न्यूयॉर्क येथे डॉ. जिमी हॉलंड यांच्या कार्यातून आकारास आली. आपले निदान स्वतःच्या भाषेत, डॉक्टरांच्याच तोंडून ऐकणारी स्त्री या अभ्यासात बहुधा गृहीत धरलेली असते. डहाणू-तलासरीत हे गृहीतक टिकत नाही.

दोन्ही तालुके आदिवासीबहुल आहेत. घरात वारली बोली, दवाखान्यात मराठी वा हिंदी, सीमेपलीकडे उपचारास गेल्यास गुजराती आणि अहवाल मात्र इंग्रजीत! निदान पती वा मुलाच्या कानी घातले जाते. किंवा महाविद्यालयात शिकणारी मुलगी दुभाषी होते. आईला किती सांगावे, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने ठरवावयाचे. तिच्या वर्गातील गैरहजेरीमागे हेही कारण असू शकते, याची आपणा अध्यापकांस क्वचितच कल्पना असते. इकडे आईला सारे उमगलेले असते. परंतु कोणी बोलत नाही म्हणून तीही बोलत नाही. निदानाच्या धक्क्यापेक्षा हे मौन अधिक काळ टिकते, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

ही गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी मजुरी बुडवून कोण जाणार? मग उशीर होतो आणि त्याचा दोष ती स्वतःकडेच घेते. पुढे डहाणू रोड ते चर्चगेट हे सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर असलेल्या मार्गाने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वारंवार खेपा घालाव्या लागतात.

याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. शरीराची तपासणी जिला शिकविता येते, त्या सेविकेस मनाची विचारपूसही शिकविता येईल. मानसिक ताण मोजण्याची प्रचलित पट्टी ० ते १० अंकांची असून ४ वा अधिक अंक आल्यास पुढील चौकशी केली जाते. निरक्षर स्त्रीस अंक विचारणे अवघडच. झोप व भूक तर औषधांनीही उडते. तेव्हा शेजारणीकडे जाणे थांबले काय, पुढच्या लावणीविषयी ती बोलते काय, हे तिच्या बोलीत विचारणे अधिक उपयुक्त ठरेल.