शाळेची पक्षियादी आणि छायाचित्रे

शाळेच्या परिसरातील पक्ष्यांची यादी करावयास घेतली की पहिल्या वर्षी ती झपाट्याने वाढते. ही वाढ खरी असतेच असे नाही. गायबगळा हिवाळ्यात पांढराशुभ्र असतो. विणीच्या हंगामात त्याच्या डोक्यावर, मानेवर व पाठीवर केशरी छटा चढते, आणि मुले तो नवा पक्षी म्हणून नोंदवितात. सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळाधमक असतो, हिवाळ्यात चिमणीसारखा भुरा होतो. कोकिळाची गोष्ट याहून मौजेची. ‘कुहू’ करणारा काळाभोर पक्षी नर असतो. ठिपकेदार तपकिरी मादी मुलांना निराळीच वाटते. वर्षअखेर यादीतून अशी दोन-चार नावे गळाली, तर मुले पाहावयास शिकली असे शिक्षकांनी समजावे.

छायाचित्राचा खरा उपयोग येथेच होतो. मोबाइलवर घेतलेले पुसट चित्रही तोंडी वर्णनापेक्षा बरे. दुर्बिणीच्या भिंगाशी मोबाइल धरल्यास पुष्कळदा काम भागते. मात्र चित्राखाली तारीख, वेळ, स्थळ आणि पक्षी काय करीत होता, हे त्याच दिवशी लिहावे. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’सारखा ग्रंथ जवळ असल्यास नाव नंतरही ठरविता येते; राहून गेलेली तारीख मात्र नंतर आठवत नाही. चातक पावसाच्या सुमारास कोणत्या दिवशी प्रथम दिसला, ज्वारीवर भोरड्यांचे थवे केव्हा उतरले, धोबी पाणवठ्यावरून केव्हा नाहीसा झाला, हे वर्षानुवर्षे ताडून पाहण्याजोगे आहे. तिसऱ्या वर्षी मुले स्वतःच जुनी वही मागू लागतात.

एका बाबतीत शिक्षकांनी कठोर राहावे. घरट्याजवळ जाऊन चित्र घेऊ देऊ नये. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून जाणारी अंडी घालते. भर उन्हाळ्यात ती त्यांवर सावली धरते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवाही देते. मुले चित्रासाठी भोवती उभी राहिली की ती डोक्यावरून ओरडत फिरते, आणि तेवढा वेळ अंडी तापत राहतात. मुलांना तिचे ओरडणे गमतीचे वाटते. त्याचा अर्थ त्यांना आधीच सांगून ठेवावा. टिटवी ओरडू लागताच ज्या वाटेने आले त्याच वाटेने परतावे आणि वहीत चित्राची जागा कोरी ठेवून केवळ तारीख लिहावी.