आयसीचें पॅकेज व सॉकेट यांची निवड

सन २०२४ च्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें मोठ्या हौसेनें एक सर्किट बोर्ड तयार केला. नकाशा बिनचूक होता, डाखाचे सांधेही चकचकीत होते. परंतु आयसी उलटी ठेवून त्यानें ती थेट बोर्डास डाखून टाकिली होती. वीज देतांच ती तापली व निकामी झाली. ती काढण्याच्या खटपटींत बोर्डावरील तांब्याच्या चकत्या उखडल्या, आणि कित्येक आठवडे सांठविलेल्या पैशांतून उभें केलेलें काम टाकून द्यावें लागलें. दोष त्या मुलाच्या बुद्धीचा नव्हता. पॅकेज व सॉकेट यांचा विचार आम्हीं त्यास आधीं शिकविला नव्हता, हा दोष आमचा. ती उणीव भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जो काळा तुकडा आपण हातांत धरितों, तो वस्तुतः आयसीचा अंगरखा होय. खरें काम आंतील सिलिकॉनची इवलीशी चकती करिते. तिचें रक्षण व्हावें व तिचीं टोकें बाहेर जोडतां यावींत, म्हणून जें वेष्टन घालितात त्यास पॅकेज म्हणतात. एकच आयसी निरनिराळ्या पॅकेजांत मिळते. १९७२ सालीं बाजारांत आलेली ५५५ ही टायमर आयसी घ्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या यादींत एनई५५५पी व एनई५५५डी अशीं दोन नांवें आढळतील. दोहोंचें काम एकच. परंतु पहिलीचे पाय बोर्डाच्या भोंकांतून आरपार जातात, दुसरीचे पृष्ठभागावरच टेकतात. शेवटचें एक अक्षर न वाचतां मागणी केली, तर आलेली वस्तु बोर्डावर बसणारच नाहीं.

नवशिक्यानें प्रथम डिप पॅकेज निवडावें, असें आमचें मत आहे. १९६४ च्या सुमारास फेअरचाइल्ड कंपनींत जन्मलेल्या या पॅकेजांत पायांच्या दोन रांगा असतात, आणि शेजारच्या दोन पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग असतें. ब्रेडबोर्डाचीं भोंकेंही तितक्याच अंतरावर असल्यामुळें डाखण्यापूर्वीं सर्किट तपासून पाहतां येतें. मात्र केवळ पाय मोजून सॉकेट आणूं नये. एटीमेगा३२८पी ही आयसी व २८सी२५६ ही मेमरी, दोहोंसही डिपमध्यें २८ पाय असतात. पण पहिलीच्या रांगांत ७.६२ मिलिमीटर अंतर असतें, दुसरीच्या रांगांत १५.२४.

हात बसल्यावर एसओआयसी पॅकेजाकडे वळावें. त्यांत पायांतील अंतर १.२७ मिलिमीटर असतें. बारीक टोंकाची डाखणी, फ्लक्स व धीर असला म्हणजे तें हातानें डाखतां येतें. टीएसएसओपीमध्यें हें अंतर बहुधा ०.६५ मिलिमीटरवर येतें. बीजीएमध्यें तर जोडाच्या गोळ्या आयसीच्या पोटाखालीं दडलेल्या असतात. तेथें डाखणीचें टोंक पोहोंचतच नाहीं. अनेक नव्या आयसी डिपमध्यें मिळत नाहींत. अशा प्रसंगीं तयार अडॅप्टर बोर्डावर आयसी डाखून तो आपल्या बोर्डांत बसवावा.

आतां सॉकेट. चपट्या पात्यांचें सॉकेट स्वस्त असतें. पण वारंवार काढघाल केल्यास त्याची पकड सैल होते. गोल, कोरीव पायांचें सॉकेट महाग खरें, पण त्याची पकड अधिक भरंवशाची. जी आयसी प्रोग्रॅम घालण्यासाठीं पुनःपुन्हां काढावी लागते, तिला दांडीनें उघडमीट होणारें झिफ सॉकेट उत्तम. जी आयसी महाग आहे, किंवा बाहेरच्या तारांमुळें जळण्याचा संभव आहे, तिला सॉकेट अवश्य द्यावें. तथापि सॉकेट म्हणजे प्रत्येक पायास आणखी एक जोड, आणि जोड वाढला कीं बिघाडाची जागाही वाढते. जेथें हादरे बसतात किंवा अतिशय उच्च फ्रीक्वेन्सी असते, तेथें थेट डाखणेंच बरें.

विद्यार्थिमित्रहो, पुढील क्रम ध्यानांत ठेवा. बोर्ड करावयास देण्यापूर्वीं त्याचा नकाशा खऱ्या आकारांत कागदावर छापा व प्रत्यक्ष आयसी त्यावर ठेवून पाहा. खांच वर धरली म्हणजे तिच्या डावीकडील पाय पहिला. तेथून घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें मोजा. रिकामें सॉकेट डाखा, वीज द्या, आणि आयसीस वीज पुरविणाऱ्या दोन पायांच्या जागीं योग्य व्होल्टेज येतें कीं नाहीं तें मल्टिमीटरनें पाहा. मग वीज बंद करूनच आयसी बसवा.

पालकांसही एक विनंती आहे. मुलानें एक सॉकेट व एक जादा आयसी मागितली, तर ती उधळपट्टी समजूं नये. बहुतेक साध्या आयसींच्या बाबतींत हा खर्च फुकट गेलेल्या बोर्डाहून कमीच असतो.

त्या विद्यार्थ्यानें पुढें दुसरा बोर्ड केला. या वेळीं रिकाम्या सॉकेटाशीं मल्टिमीटर लावतांच वीज उलटी येत असल्याचें त्यास दिसलें. आयसी अद्याप डबींतच होती. चूक पुन्हां झाली होती. परंतु दोन तारा बदलून ती दहा मिनिटांत दुरुस्त झाली, आणि त्याच सायंकाळीं त्याचा दिवा लागला.